थायरॉईडची गोळी, मेंदूतील गाठ आणि वंशाचा हिशेब

गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईस पोहोचते. जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांना ही गाडी पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. मालाच्या खरेदीसाठी, उधारीच्या वसुलीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आणि लग्नकार्यांसाठी तिचे आरक्षण होत असते. त्याच गाडीत तपासण्यांच्या फिल्म्सचे मोठे पाकीट छातीशी धरून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघालेली माणसेही असतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सुमारे १३० किलोमीटरवर नागपुरात मोठी रुग्णालये आहेत. तरीही मेंदूतील गाठीचे निदान झाले की पुष्कळ कुटुंबे एकदा तरी मुंबईचा सल्ला घेऊन येतात.

अशा एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. ते कोणा एका घरचे नाही. अनेक घरांतील अनुभव एकत्र केले तर जे दिसेल तेच त्यात आहे. धान्यबाजारातील पेढी, एकत्र कुटुंब, घरातील कर्त्या स्त्रीचे वय बावन्न. तिला बारा वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू आहे. डोकेदुखी आणि एक फिट आल्याचे निमित्त झाले, तपासणीत मेंदूत गाठ निघाली, नागपुरात शस्त्रक्रिया झाली. तिचे नाव ग्लायोमा, असा अहवाल आला. आता किरणोपचार सुरू व्हायचे आहेत. अशा वेळी दीर मोबाइलवर वाचलेला मजकूर घेऊन येतात. थायरॉईडचे संप्रेरक गाठीला पोसते, आणि थायरॉईडच्या जनुकांवरून रुग्ण किती जगणार हे सांगता येते, असे त्यात लिहिलेले असते. संध्याकाळपर्यंत गोळ्यांची पट्टी कपाटात जाते. रात्री सासूबाई हलक्या आवाजात मुलाला विचारतात, "हे रक्तातून येणारे असेल, तर आपल्या नातीच्या सोयरिकीचे काय?"

या घरापुढे तीन प्रश्न उभे आहेत. गोळी बंद करावी काय? थायरॉईडच्या जनुकांवरून आयुष्याचा अंदाज खरोखर बांधता येतो काय? आणि हा रोग वंशात उतरतो काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे आज बऱ्याच अंशी स्पष्ट आहेत. परंतु ती समजण्यासाठी आधी संप्रेरकाचे कार्य समजून घेतले पाहिजे.

धान आणि तांदूळ

गळ्याच्या पुढील भागात असलेली अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, मुख्यतः टी-४ नावाचे संप्रेरक तयार करते. त्याच्या प्रत्येक कणात आयोडिनचे चार अणू असतात. त्यातील एक अणू योग्य जागेवरून काढला की टी-३ तयार होते, आणि पेशींच्या अंतरंगात प्रत्यक्ष काम करते ते प्रामुख्याने टी-३. गोंदियाच्या माणसाला हे समजावण्यास फार लांब जावे लागत नाही. कोठारात पोत्यांनी साठते ते धान. परंतु ताटात येतो तो तांदूळ. मधले काम राईस मिलचे. टी-४ हे धान समजावे, टी-३ हा तांदूळ समजावा.

शरीरातील या मिलला डीआयोडिनेज म्हणतात. हे विकर तीन प्रकारचे आहे. पहिला प्रकार यकृत आणि मूत्रपिंडात काम करून रक्तात टी-३ सोडतो. दुसरा प्रकार मेंदूत महत्त्वाचा आहे. तेथील तारकापेशी रक्तातून आलेल्या टी-४ चे टी-३ करून शेजारच्या चेतापेशींना पुरवतात. तिसरा प्रकार उलट काम करतो. तो आयोडिनचा भलताच अणू काढून टाकतो आणि संप्रेरक निरुपयोगी करतो, जणू चुकीच्या भरडाईने तांदळाची कणी व्हावी. ही उधळपट्टी मात्र नव्हे. कोठे, किती टी-३ पोहोचावे यावर शरीर याच मार्गाने ताबा ठेवते.

तिन्ही प्रकारांची कृती लिहून ठेवणारी तीन जनुके आहेत. डीआयओ-१ हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे, तर डीआयओ-२ आणि डीआयओ-३ ही चौदाव्या गुणसूत्रावर. दोन मिलमालकांची यंत्रे एकाच कारखान्यातून आली तरी त्यांची जुळणी किंचित निराळी असते, तसे या जनुकांत माणसामाणसांत लहान भेद असतात. ते रोग नव्हेत. डीआयओ-२ मधील एक भेद तर इतका सर्रास आढळतो की ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, थायरॉक्सिन घेणाऱ्या ५५२ व्यक्तींच्या अभ्यासात सुमारे १६ टक्के लोकांकडे तो आई आणि वडील या दोघांकडूनही आलेला होता. अशा व्यक्तींना केवळ टी-४ च्या गोळीने पुरेसे बरे वाटत नाही, टी-३ ची जोड दिली तर अधिक बरे वाटते, असे त्या अभ्यासात दिसले. पुढील अभ्यासांत मात्र हा निष्कर्ष दर वेळी टिकला नाही. जनुकांवरचे संशोधन किती सावधपणे वाचावे लागते, याचा हा पहिला धडा.

दोन उलट वाटणारी निरीक्षणे

ग्लायोमा ही गाठ मेंदूतील आधारपेशींपासून उद्भवते, आणि टी-४ चे टी-३ करणाऱ्या तारकापेशी याच आधारपेशींच्या कुळातल्या. म्हणून थायरॉईड संप्रेरकाचा या गाठीशी काय संबंध असावा, असा विचार संशोधकांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

२००५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले की पेशीच्या बाहेरील आवरणावर इंटेग्रिन नावाचा एक ग्राहक असतो आणि थायरॉईड संप्रेरक त्यालाही चिकटते. प्रयोगशाळेत काचपात्रात वाढवलेल्या ग्लायोमाच्या पेशी या मार्गाने अधिक वेगाने वाढतात, असेही आढळले. दिरांनी मोबाइलवर वाचलेला मजकूर याच प्रयोगांवर आधारलेला असतो.

त्यापूर्वी, २००३ मध्ये, अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी एक लहानसा उपचार-प्रयोग प्रसिद्ध केला होता. गाठ पुन्हा उद्भवलेल्या २२ रुग्णांना त्यांनी थायरॉईडचे काम मंदावणारे प्रोपिलथायोयुरासिल हे औषध दिले. त्याच्या जोडीला टॅमॉक्सिफेन मोठ्या मात्रेत दिले. ज्या रुग्णांत थायरॉईड खरोखर मंदावले त्यांचे मध्यमान आयुष्य १०.१ महिने, आणि ज्यांत मंदावले नाही त्यांचे ३.१ महिने भरले. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. पण व्यापारी माणूस नफ्याचा आकडा पाहण्यापूर्वी भांडवल किती होते ते विचारतो. येथे भांडवल २२ रुग्णांचे. शिवाय या औषधाने थायरॉईड मंदावण्यास काही आठवडे लागतात. जो रुग्ण लवकर दगावला त्याच्या शरीरात तो बदल होण्यास वेळच मिळाला नाही. म्हणजे थायरॉईड मंदावले म्हणून रुग्ण अधिक जगले, की अधिक जगले म्हणून थायरॉईड मंदावण्यास अवधी मिळाला, हा प्रश्न त्या आकड्यांतून सुटत नाही.

याच्या अगदी उलट दिशेचे निरीक्षण लिथुएनियातील संशोधकांनी नोंदवले. मेंदूतील गाठीच्या ज्या रुग्णांच्या रक्तात टी-३ कमी होते, त्यांचे आयुष्य कमी भरले. एकीकडे संप्रेरक कमी तर आयुष्य जास्त, दुसरीकडे संप्रेरक कमी तर आयुष्य कमी. सामान्य वाचकाने यातून काय घ्यावे?

उत्तर शरीराच्या काटकसरीत आहे. कोणताही गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपवास असला की शरीर टी-४ चे टी-३ करणे कमी करते. बाजारात मंदी आली की मिल दोन पाळ्यांऐवजी एकच पाळी चालवते, तसे हे आहे. मेंदूची सूज उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळेही टी-३ खाली येते. म्हणून अशा रुग्णाच्या अहवालात टी-३ कमी दिसणे हे पुष्कळदा आजाराच्या तीव्रतेचे चिन्ह असते. मिल मंद झाली म्हणून बाजार पडत नाही. बाजार पडल्यामुळे मिल मंद होते. चिन्हालाच कारण मानून त्यावर इलाज करू लागले, तर हिशेब चुकतो.

जनुकांकडे वळण्याचे कारण

कारण आणि चिन्ह यांची ही गुंतागुंत सोडवण्यासाठीच संशोधक जनुकांकडे वळले. रक्तातील संप्रेरक आजाराने बदलते, औषधाने बदलते, उपवासाने बदलते. जन्मतः मिळालेला जनुकभेद मात्र गाठ होण्यापूर्वी कित्येक दशके तोच होता आणि नंतरही तोच राहतो. तेव्हा जन्मापासून मिलची जुळणी एका प्रकारची असलेले रुग्ण आणि दुसऱ्या प्रकारची असलेले रुग्ण यांच्या आयुर्मानात फरक पडतो का, हे पाहिले तर संप्रेरकाचा स्वतःचा वाटा किती ते कळू शकेल, असा हा तर्क आहे. तर्क निर्दोष आहे. लिथुएनियातील वैद्यांनी याच दृष्टीने मेंदूतील गाठीच्या रुग्णांमधील डीआयोडिनेज जनुकांचे सामान्य भेद तपासले.

अशा अभ्यासांतून मिळते ते संकेताच्या पातळीवरचे ज्ञान. एकेका जनुकभेदाचा परिणाम सूक्ष्म असतो. रुग्ण काही शेकड्यांत असतात, आणि त्यांतही गाठींचे प्रकार अनेक. मेंदूच्या आवरणावर वाढणारी, बहुधा सौम्य असणारी मेनिंजिओमा आणि मेंदूच्या गाभ्यात पसरणारी ग्लायोब्लास्टोमा यांना एकाच तराजूत घालता येत नाही. प्रकारानुसार विभागणी केली की प्रत्येक गटात उरणारी संख्या आणखी लहान होते. या ज्ञानाचा उद्देश उद्याच्या औषधासाठी दिशा शोधणे हा आहे. आज समोर असलेल्या रुग्णाचे दिवस मोजण्यासाठी ते वापरता येत नाही, आणि डीआयओ जनुकांची तपासणी करून मेंदूतील गाठीचा उपचार ठरवण्याची पद्धत आज रूढ नाही.

यावरून जनुकांचा गाठीशी संबंधच नाही असे मात्र समजू नये. येथे एक भेद कुटुंबाने नीट ध्यानात घ्यावा. जन्मतः शरीरातील प्रत्येक पेशीत असलेली जनुके निराळी, आणि गाठीच्या पेशींत आयुष्याच्या ओघात नव्याने झालेले जनुकीय बदल निराळे. दुसऱ्या प्रकारच्या बदलांना उपचारात फार मोठे महत्त्व आहे. आयडीएच नावाच्या जनुकातील असा बदल २००८ मध्ये प्रकाशात आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या काळी ग्लायोब्लास्टोमा म्हणून गणल्या गेलेल्या गाठींमध्ये हा बदल असणाऱ्या रुग्णांचे मध्यमान आयुष्य ३१ महिने, तर नसणाऱ्यांचे १५ महिने भरले. आज ग्लायोमाचे वर्गीकरणच या बदलावर उभे आहे. म्हणून शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्याची आयडीएच तपासणी झाली आहे काय, हा प्रश्न कुटुंबाने अवश्य विचारावा. थायरॉईडच्या जनुकांची चौकशी करण्यापेक्षा तो कितीतरी अधिक उपयोगाचा आहे.

उपचाराचे स्वतःचे बळही मोजलेले आहे. २००५ मध्ये युरोप आणि कॅनडातील ५७३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्लायोब्लास्टोमाच्या किरणोपचारास टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. पूर्ण आणि वेळेवर घेतलेल्या उपचारांचे मोल असे प्रत्यक्ष दिसते.

मुंबईचा अनुभव काय सांगतो

थायरॉईड आणि मेंदूतील गाठ यांचा एक संबंध मात्र पूर्णपणे सिद्ध झालेला आहे, आणि तो सिद्ध करण्यात महाराष्ट्रातील रुग्णालयाचा वाटा मोठा आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. थायरॉईडने किती काम करावे याचा आदेश ती टीएसएच या संप्रेरकाद्वारे धाडते. गाठीवर सोडलेले किरण या ग्रंथीपर्यंत किंवा तिच्यावर देखरेख करणाऱ्या मेंदूच्या भागापर्यंत पोहोचले, तर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी ती क्षीण होऊ शकते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात डॉ. राकेश जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात सौम्य किंवा मंद वाढणाऱ्या गाठी असलेल्या २०० बालकांना व तरुणांना अभ्यासात सामील करून घेतले. त्यांची वये ३ ते २५ वर्षांची होती. निम्म्यांच्या आसपास रुग्णांना नेहमीच्या पद्धतीने, तर उरलेल्यांना अधिक अचूकपणे गाठीपुरतेच किरण देण्याच्या पद्धतीने उपचार मिळाले. पाच वर्षांनंतर संप्रेरकांचा नवा बिघाड नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के, तर अचूक पद्धतीत ३१ टक्के रुग्णांत आढळला. अचूक पद्धतीत बुद्धिमत्तेची हानीही कमी झाली, आणि गाठीवरील नियंत्रणात उणेपणा आला नाही. हे निष्कर्ष २०१७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या आकड्यांतून कुटुंबाने दोन गोष्टी घ्याव्यात. किरणोपचारापूर्वी पीयूष ग्रंथी कितपत वाचवता येईल, हे डॉक्टरांना विचारावे. आणि अचूक पद्धतीनेही दहांपैकी तिघांत बिघाड होऊ शकतो, म्हणून पुढील अनेक वर्षे संप्रेरकांची तपासणी चालू ठेवावी. घरातील मूल उपचारांनंतर बरे झाले, शाळेत जाऊ लागले, आणि तीन वर्षांनी आळशी झाले, उंची वाढेना, अभ्यासात मागे पडले, तर त्याला रागावण्याआधी त्याचे रक्त तपासावे.

येथे एक खाचखळगा आहे. सामान्य थायरॉईड रुग्णात टीएसएच वाढलेले दिसते, म्हणून पुष्कळदा तेवढीच एक तपासणी केली जाते. पण जेथे आदेश देणारी पीयूष ग्रंथीच थकली आहे, तेथे टीएसएच सामान्य दिसूनही शरीरात थायरॉक्सिन कमी असू शकते. मुनीमच रजेवर गेला तर मागणीची चिठ्ठी येत नाही. त्यावरून कोठार भरलेले आहे असा अर्थ काढता येत नाही. म्हणून मेंदूतील गाठीच्या रुग्णात टीएसएचबरोबर फ्री टी-४ अवश्य पाहावे. पीयूष ग्रंथी बिघडल्याची शंका असेल तर थायरॉक्सिन सुरू करण्यापूर्वी कॉर्टिसोल हे संप्रेरकही तपासतात, कारण ते कमी असताना नुसते थायरॉक्सिन दिल्यास प्रकृती एकाएकी ढासळू शकते.

कपाटातील गोळी

आता त्या घराच्या पहिल्या प्रश्नाकडे वळता येते. बारा वर्षे घेतलेली थायरॉक्सिनची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. भारतातील आठ शहरांतील पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉईड मंदावलेले आढळले. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. तेव्हा गाठीचे निदान झालेल्या कित्येक स्त्रियांच्या उशाशी ही गोळी आधीपासूनच असणार. ती शरीराची कमतरता भरून काढते, एवढेच. ती सोडली तर थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, मनाची मरगळ आणि हृदयाची मंदगती वाढते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार सोसण्यासाठी ज्या बळाची गरज, तेच कमी होते. थायरॉईड मुद्दाम मंदावण्याचे जे प्रयोग झाले ते डॉक्टरांच्या नित्य देखरेखीखाली, गाठ पुन्हा उद्भवलेल्या मोजक्या रुग्णांवर झाले. घरच्या कपाटात पट्टी ठेवून देणे हा तो प्रयोग नव्हे. उलट, गरजेपेक्षा अधिक मात्राही घेऊ नये. टी-३ कमी दिसले म्हणून गोळी वाढवणे हेही तितकेच चुकीचे आहे.

श्रावक-श्राविकांच्या घरात याला व्रत-नियमांची बाजू असते. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घ्यावयाचे आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खावयाचे नाही, असा नियम आहे. नवकारसी करणाऱ्यांनी ती पाळल्यावर उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घेऊन मगच काही वेळाने नाश्ता करावा. दोन्ही नियम सहज सांभाळले जातात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास दूर ठेवाव्यात. थायरॉक्सिन शरीरात दीर्घकाळ टिकते. त्याची निम्मी मात्रा उतरण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून एका उपवासात एक गोळी चुकली तर सहसा अपाय होत नाही.

मात्र फिट थांबवणाऱ्या गोळ्यांचा आणि डेक्सामेथासोनचा हिशेब पूर्णपणे निराळा आहे. त्या एक दिवसही अचानक बंद करणे धोक्याचे आहे. चौविहार उपवासात या गोळ्या सुटल्या आणि रात्री फिट आली, तर केलेल्या तपाचे समाधान सर्व कुटुंबाच्या दुःखात बुडून जाते. पच्चक्खाणात आगारांची योजना परंपरेनेच केलेली आहे. अशा रुग्णाने पर्युषणापूर्वी आपल्या डॉक्टरांना आणि साधु-साध्वीजींना, दोघांनाही आपली स्थिती सांगावी आणि झेपेल असेच व्रत घ्यावे. तप आपल्या शक्तीनुसार करावे, हेच ज्येष्ठ सांगत आले आहेत.

तपासणीच्या दिवसाबाबतही दक्षता हवी. अठाईच्या पारण्यानंतर लगेच रक्त दिले तर उपवासामुळेच टी-३ कमी दिसेल आणि विनाकारण घबराट होईल. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन या फिटच्या गोळ्यांनीही टी-४ चा आकडा खाली येतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांनी अहवाल फसवा येऊ शकतो. रक्त देण्यापूर्वी हे सर्व डॉक्टरांना सांगावे. ज्या घरी व्रतामुळे दीर्घकाळ केवळ सैंधव मीठ वापरले जाते, तेथे आयोडिनचा प्रश्नही लक्षात ठेवावा. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो आयोडिनयुक्त मीठ घरोघरी पोहोचवण्यासाठीच. व्रताचे दिवस संपले की रोजच्या स्वयंपाकात ते मीठ परत यावे.

नातीची सोयरीक

शेवटचा प्रश्न सासूबाईंचा. तो हलक्या आवाजात विचारला जातो, पण घरात सर्वांत जड तोच असतो. ग्लायोमाच्या रुग्णांपैकी सुमारे ५ टक्क्यांच्या कुटुंबातच असा रोग आणखी कोणास झालेला आढळतो. काही दुर्मीळ आनुवंशिक विकारांत मेंदूतील गाठींचा धोका खरोखर वाढतो. परंतु अशा घरांत बहुधा तरुण वयातील अनेक कर्करोग किंवा त्वचेवरील विशिष्ट डाग यांसारख्या खुणा दिसतात. तशा खुणा असतील तर जनुक-समुपदेशकांचा सल्ला घ्यावा. बाकीच्या बहुसंख्य कुटुंबांत आजीला झालेली गाठ नातीच्या वाट्याला येईल असे मानण्यास आधार नाही. डीआयोडिनेजचे सामान्य भेद तर प्रत्येक घरात, वराकडेही आणि वधूकडेही, कोणते ना कोणते असतातच. त्यांच्यावरून सोयरीक मोडणे म्हणजे डोळ्यांच्या रंगावरून उधारी नाकारण्यासारखे आहे.

लपवाछपवीने मात्र खरे नुकसान होते. सोयरिकीच्या भीतीने निदान लपवले जाते, उपचार गावापासून दूर गुपचूप होतात, कागद फाडले जातात, आणि पुढे दोन वर्षांनी थायरॉईड मंदावले तेव्हा कोणते किरण किती दिले याची नोंदच सापडत नाही. ज्या पेढीवर पै-पैचा रोजमेळ लिहिला जातो, तेथे घरच्या माणसाच्या प्रकृतीची वही कोरी असावी हे शोभत नाही. गाठीचा अहवाल, आयडीएच तपासणी, किरणोपचाराचा सारांश, चालू औषधांची यादी आणि टीएसएच व फ्री टी-४ चे तारीखवार आकडे, एवढे कागद एका फायलीत असावेत. पुढच्या वेळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसताना ती फाइल बरोबर असावी. बावन्न वर्षांच्या त्या माउलीने गोळ्यांची पट्टी कपाटातून परत काढावी आणि उद्या सकाळी, नवकारसीनंतर, ठरल्याप्रमाणे गोळी घ्यावी.